किल्ल्यातील ‘मी’ आणि पडद्यावरील सूत्रधार : ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ते ‘भारत एक खोज’

साहित्यकृतीचे चित्रपटात होणारे रूपांतर हा विषय मराठी समीक्षेने जेव्हा गांभीर्याने हाताळला, तेव्हा तो बहुतांशी कथात्म साहित्याच्या संदर्भात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) आणि आचार्य अत्रे यांचा चित्रपट (१९५३), अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी जब्बार पटेल यांच्यासाठी लिहिलेली ‘सिंहासन’ची (१९७९) पटकथा, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि तिच्यावर अमोल पालेकर यांनी चाळीस वर्षांनंतर केलेला चित्रपट (१९९५). या साऱ्या चर्चेत एक गृहीतक न उच्चारताच वावरत असते. मूळ संहितेत कथानक आहे, पात्रे आहेत, प्रसंग आहेत. चित्रपटाने त्यांपैकी काय ठेवले, काय गाळले आणि काय भर घातली याचा हिशेब मांडला की समीक्षेचे काम झाले. हा हिशेब ‘मूळाशी निष्ठा’ या एकाच मापाने मांडला जातो, हे त्याचे वैगुण्य अनेकांच्या ध्यानात आलेले आहे. तथापि ज्या संहितेत रूढ अर्थाने कथानकच नाही, जिचे एकमेव सलग पात्र म्हणजे तिचा निवेदक, अशी संहिता पडद्यावर जाते तेव्हा हे माप मुळातच निरुपयोगी ठरते आणि रूपांतराचा प्रश्न अधिक नग्न स्वरूपात समोर येतो. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात १९४४ साली लिहिला गेलेला जवाहरलाल नेहरूंचा ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आणि त्यावर आधारलेली श्याम बेनेगल यांची ५३ भागांची दूरदर्शन-मालिका ‘भारत एक खोज’ (१९८८-८९) हे या प्रकारचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण होय. ग्रंथ इंग्रजी, मालिका हिंदी; परंतु या दोहोंमध्ये जे घडले त्याचा मराठी प्रदेशाशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही.

ग्रंथाच्या निर्मितीचा तपशील सर्वपरिचित आहे; त्यातील अर्थपूर्ण भाग तेवढा येथे पाहावा. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि नेहरूंसह बारा जण अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. नेहरूंचा हा नववा कारावास. लेखन झाले ते एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत. हस्तलिखिताची पाने हजाराच्या घरात गेली आणि कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ अर्पण केलेला आहे तो किल्ल्यातील सहबंद्यांना. प्रास्ताविकात मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचे ऋण विशेषत्वाने नोंदविलेले आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचा निवेदक सर्वत्र ‘मी’ म्हणून बोलतो, त्याच्या मागे एक छोटीशी विद्वत्सभा होती. याच भिंतींआड मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहीत होते. ती कधीच टपालात पडणार नव्हती. चहा, चिमण्या आणि दूर कलकत्त्यात पत्नीचा झालेला मृत्यू हे त्यांचे विषय. एकाच तुरुंगात, एकाच काळात, दोन वेगळ्या भाषांत आणि दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांत काळ कसा घालविला गेला, याचा तौलनिक अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

‘डिस्कव्हरी’ हा इतिहासग्रंथ म्हणून वाचला जातो आणि मग त्यातील उणिवा दाखविल्या जातात. तुरुंगात ग्रंथालय नाही, मूळ साधने नाहीत, बराचसा मजकूर दुय्यम ग्रंथांतून आलेला, कालक्रम सैल. हे आक्षेप खरे असले तरी अस्थानी आहेत. ग्रंथाचा रूपबंध इतिहासाचा नसून आत्मशोधाचा आहे, आणि त्या अर्थाने तो कादंबरीच्या अधिक जवळचा आहे. त्याची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. सिंधू संस्कृती येते ती चौथ्या प्रकरणात. पहिले प्रकरण किल्ल्याचे, दुसरे बाडेनवायलर व लोझान येथील कमला नेहरूंच्या आजारपणाचे व मृत्यूचे (२८ फेब्रुवारी १९३६), तिसरे ‘शोधा’चे. त्यानंतर पाच हजार वर्षांचा प्रवास होऊन दहावे प्रकरण पुन्हा किल्ल्यात येऊन थांबते. चौकट कारावासाची आहे. तिच्या आत एका माणसाची स्मृती आहे आणि त्या स्मृतीच्या आत एका देशाचा भूतकाळ आहे.

पहिल्याच प्रकरणात एक प्रसंग येतो. बंदी किल्ल्याच्या आवारात बाग करण्यासाठी खणू लागतात. जमीन खडकाळ, राडारोड्याने भरलेली. खणता खणता जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागतात. एका भिंतीवर दगडात कोरलेले कमळ सापडते. अधिक खोल जाण्यास तुरुंगाधिकाऱ्यांची परवानगी नसते. तेव्हा कुदळ बाजूला ठेवून लेखणी हाती घ्यावी, असे निवेदक ठरवितो. हा प्रसंग साधा दिसतो, परंतु पुढील साऱ्या ग्रंथाची पद्धती त्यात सामावलेली आहे. इतिहास म्हणजे पायाखालचा थर. तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो. आणि किती खणावयाचे हे सत्ता ठरविते. पुढे तिसऱ्या प्रकरणात भारतासाठी जी प्रतिमा येते, ती एकावर एक लिहिल्या गेलेल्या आणि तरीही खालचे काही पूर्णपणे न पुसलेल्या जुन्या चर्मपत्राची. ती याच खोदकामाची वाङ्मयीन आवृत्ती आहे. ग्रंथाचे वाक्य-वळणही तसेच आहे : एक विधान, लगेच त्याला मुरड, मग एक शंका, मग स्वतःच्या अज्ञानाची कबुली. ‘कदाचित’ हे या निवेदकाचे खरे क्रियाविशेषण आहे.

आता प्रश्न असा की हा ‘कदाचित’ कॅमेऱ्याने कसा दाखवावा? जॉर्ज ब्लूस्टोन यांनी ‘नॉव्हेल्स इन्टू फिल्म’ (१९५७) मध्ये कादंबरीची प्रतिमा संकल्पनात्मक तर चित्रपटाची इंद्रियगोचर असते, असा भेद केला. सीमोर चॅटमन यांनी त्यापुढे जाऊन चित्रपट विधान करीत नाही, तो केवळ समोर ठेवतो, असे प्रतिपादन केले. मौर्यांच्या दरबाराविषयी लेखक ‘असे असावे’ म्हणू शकतो. कॅमेऱ्यासमोर मात्र दरबार असतो किंवा नसतो. खांब किती, सिंहासन कोणत्या धातूचे, चाणक्याची शेंडी केवढी, या सर्वांचा निर्णय कलादिग्दर्शकाला घ्यावा लागतो आणि घेतलेला प्रत्येक निर्णय प्रेक्षकापुढे वस्तुस्थिती म्हणून उभा राहतो. ‘बनगरवाडी’त हीच अडचण लहान प्रमाणात आहे. कादंबरीतील तरुण मास्तर आपल्या नजरेने गाव पाहतो, म्हणून गाव त्याच्याइतकेच बुजरे आणि अपुरे दिसते. चित्रपटात मास्तर स्वतःच दृश्याचा एक भाग होतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे बाहेरून पाहू लागतो. प्रथमपुरुषी निवेदनाचे दृश्यात रूपांतर होताच ‘मी’चा ‘तो’ होतो, हा माध्यमाचाच धर्म आहे.

बेनेगल यांना ही अडचण नवीन नव्हती. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनावरून ‘भूमिका’ (१९७७) करताना त्यांनी ‘मी’ जवळजवळ पूर्णपणे विरघळवून टाकला होता. नायिकेचे नाव बदलले, कथन पूर्वदृश्यांत मोडले आणि सांगणाऱ्या बाईऐवजी जगणारी बाई पडद्यावर आणली. ‘भारत एक खोज’मध्ये त्यांनी उलट मार्ग पत्करला. नेहरू हे पात्र ठेवले, ते रोशन सेठ यांच्याकडे दिले (रिचर्ड अटेनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’मध्येही नेहरू त्यांनीच रंगविले होते) आणि त्या पात्राला थेट प्रेक्षकाशी बोलावयास लावले. शिवाय ओम पुरी यांच्या आवाजात एक दुसरा निवेदक दिला. म्हणजे ग्रंथातील एका ‘मी’चे पडद्यावर दोन सूत्रधार झाले. एक दिसणारा, वैयक्तिक. दुसरा बहुतांशी ऐकू येणारा, माहिती देणारा.

हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु त्यामुळे निवेदकाचा अधिकार बदलला. १९४४ साली ‘भारत म्हणजे काय?’ असे विचारणारा माणूस कैदी होता. सुटका केव्हा होईल, देश स्वतंत्र होईल की नाही, झालाच तर अखंड राहील की नाही, हे त्याला माहीत नव्हते. १९८८ मध्ये तेच शब्द उच्चारणारी व्यक्तिरेखा ही दिवंगत पंतप्रधानांची होती. प्रसंग त्यांच्या जन्मशताब्दीचा होता आणि माध्यम होते शासनाच्या ताब्यातील एकमेव दूरचित्रवाणी. मजकूर तोच राहूनही उच्चाराची जागा बदलली की अर्थ बदलतो. येथे प्रश्नाचे उत्तर झाले. शोध घेणारा माणूस शोध लागून चुकलेला माणूस म्हणून दिसू लागला. मालिकेवर पुढे जी टीका झाली, तिच्यातील ‘सरकारी इतिहास’ हा आरोप बेनेगल यांच्या हेतूंना लागू पडत नाही; तथापि तो ज्या ठिकाणाहून उद्भवतो ते ठिकाण हेच आहे.

गाळलेल्या भागांकडे पाहिले म्हणजे हे अधिक उमगते. ग्रंथाचा आरंभ किल्ल्यातील चंद्रकोरीने होतो, आणि पाठोपाठ बंगालचा दुष्काळ येतो. मालिकेचा पहिला भाग मात्र ‘भारत माता की जय’ या शीर्षकाचा आहे. त्यातील शेतकऱ्यांच्या सभेचा प्रसंग मुळात तिसऱ्या प्रकरणातला. घोषणा देणाऱ्या गर्दीला निवेदक विचारतो की ही भारतमाता कोण. कोणी धरित्री म्हणतो. आणि चर्चेअंती ती माता म्हणजे तुम्ही सारेच, असे तो सांगतो. नाट्यदृष्ट्या हा प्रारंभ प्रभावी आहे. परंतु ग्रंथात या प्रसंगाच्या आधी बाडेनवायलर येते. तेथे नेहरू अत्यंत अवघड अशी गोष्ट लिहून जातात : मरणशय्येवरील पत्नीची प्रतिमा त्यांच्या मनातील भारताच्या प्रतिमेत मिसळत गेली होती आणि दोघींनाही आपण पुरते ओळखले नाही, ही जाणीव त्यांना छळत होती. म्हणजे भारताचा शोध हा एका न ओळखल्या गेलेल्या स्त्रीच्या शोधाला जोडलेला आहे. स्त्रीवादी समीक्षेला या जोडणीवर बरेच काही म्हणता येईल, आणि ते सगळे अनुकूल असेलच असे नाही. देशाला स्त्रीच्या रूपात पाहण्याची सवय येथेही सुटलेली नाही. तरीपण त्या प्रकरणामुळे पुढील ‘भारतमाता’ ही घोषणा न राहता एक अपराधी प्रश्न होतो. मालिकेच्या ५३ भागांच्या आखणीत बाडेनवायलरला स्वतंत्र जागा नाही. खासगी स्त्री गेली, सार्वजनिक माता राहिली.

येथवरचा हिशेब मालिकेच्या विरुद्ध जातो. परंतु तो येथेच थांबविला तर ते अन्यायाचे होईल, कारण जी अनिश्चितता निवेदकाच्या मुखातून गेली ती मालिकेत अन्य वाटांनी परत आलेली आहे. त्यांपैकी पहिली वाट शीर्षकगीताची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त वसंत देव यांच्या हिंदी रूपात आणि वनराज भाटिया यांच्या संगीतात दर भागाच्या आरंभी ऐकू येते. सृष्टीचे मूळ कोणास ठाऊक, तिचा जो अध्यक्ष त्याला तरी ठाऊक असेल की नसेल, अशा संशयावर थांबणारे हे सूक्त. मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांसारख्या जाणत्या अनुवादकाच्या हाती ते पडले हेही सुदैवच. ज्या काळात रामानंद सागर यांचे ‘रामायण’ (१९८७-८८) संपले होते आणि बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ (१९८८-९०) चालू होते, त्या काळात त्याच पडद्यावर एक मालिका दर खेपेस संशयाने सुरू होत होती. हा विरोध प्रेक्षकांना त्या वेळी कितपत जाणवला हा प्रश्न वेगळा.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे. ग्रंथात महाभारत, रामायण, शाकुंतल यांच्याविषयी निवेदक बोलतो. मालिकेत त्या संहिता स्वतःच बोलू लागतात. तमिळ ‘शिलप्पधिकारम्’, ‘पृथ्वीराज रासो’, जायसीचे ‘पद्मावत’ यांचे प्रवेश नाट्यरूपात येतात, आणि ते ऐतिहासिक पुरावा म्हणून येत नाहीत. त्या त्या काळाने स्वतःविषयी रचलेली कथा म्हणून येतात. पटकथाकार शमा जैदी आणि अतुल तिवारी यांनी इतिहासाच्या जागी इतिहासाविषयीचे वाङ्मय ठेवले, असे म्हणता येईल. हेडन व्हाइट यांनी १९८८ मध्येच, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, लेखनातून मांडलेला इतिहास आणि दृश्यातून मांडलेला इतिहास यांत फरक करून दुसऱ्यासाठी एक नवी संज्ञा सुचविली होती. दोन्हींत रचना असते आणि दोन्हींत निवड असते, फरक असतो तो साधनांचा, असा त्यांचा आशय. ‘पद्मावत’चा भाग या विचाराचे उत्तम उदाहरण ठरतो : तेथे चितोडचा वेढा दिसत नाही, सोळाव्या शतकातील एका सूफी कवीने कल्पिलेला चितोडचा वेढा दिसतो.

अभिनेत्यांच्या योजनेतही हेच घडते. ओम पुरी निवेदन करतात. तेच अलाउद्दीन खिलजी होतात, तेच औरंगजेब होतात. सलीम घौस राम, कृष्ण आणि टिपू सुलतान अशा भूमिका करतात. खर्च वाचविण्यासाठी केलेली ही तडजोड असेलही. पण तमाशा आणि दशावतार पाहिलेल्या प्रेक्षकाला तिच्यात काही विचित्र वाटत नाही. एकच नट सोंग बदलून येतो, आणि हे सोंग आहे याचे भान सुटत नाही. जो आवाज आपल्याला इतिहास सांगतो तोच औरंगजेबाच्या तोंडून बोलू लागतो, तेव्हा खलनायक आणि सांगणारा यांच्यातील अंतर कमी होते. तत्कालीन पौराणिक मालिकांत नट आणि देव यांची एकरूपता साधण्याचा प्रयत्न होता, एवढा की नटांना वाटेत लोक नमस्कार करीत. बेनेगल यांनी ती एकरूपता होऊ दिली नाही. ग्रंथातील ‘कदाचित’ला पडद्यावर मिळालेला हा प्रतिशब्द होय.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या रूपांतराची खरी कसोटी मात्र पुढे आहे. ‘डिस्कव्हरी’त महाराष्ट्राला मिळालेली जागा बेताची आहे. शिवाजी महाराज येतात ते औरंगजेबावरील विभागाच्या ओघात, पुनरुत्थित हिंदू राष्ट्रीयत्वाचे प्रतीक म्हणून. मराठे येतात ते इंग्रजांशी सत्तास्पर्धा करणारी शक्ती म्हणून. टिळक-गोखले येतात ते राजकारणाच्या संदर्भात. अहिल्याबाई होळकरांच्या तीस वर्षांच्या राज्यकारभाराचा गौरव एका परिच्छेदात आहे. तो परिच्छेद ज्या किल्ल्यात लिहिला गेला त्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, अहिल्याबाईंचा जन्म झाला; ग्रंथात त्या इंदूरच्याच आहेत. किल्ल्याच्या इतिहासातून निवेदकाला आठवते ती चांदबीबी : अकबराच्या सैन्याविरुद्ध तलवार उपसून उभी राहिलेली आणि अखेर आपल्याच माणसाकडून मारली गेलेली. एवढ्यावर नगरचा विषय संपतो. तटाबाहेरचे शहर बंद्याला दिसत नव्हते, हे त्याचे एक कारण. परंतु सर्व काही या कारणावर ढकलता येणार नाही.

कारण तटाबाहेरच्या त्या शहरात, नेहरू तेथे येण्याच्या शंभर वर्षे आधी, एक वेगळाच शोध सुरू झाला होता. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहमदनगरहून निघाले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार, ज्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या होत्या, त्या नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात शाळा उघडली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला घेतल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे ‘गुलामगिरी’ (१८७३), सत्यशोधक समाज (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) यांतून जी इतिहासमीमांसा आकारास आली, ती ‘डिस्कव्हरी’च्या मीमांसेच्या नेमकी उलट आहे. नेहरूंच्या मते भारताच्या इतिहासाचे मर्म समन्वयात आहे. बाहेरचे येतात, मिसळतात, थर वाढत जातात. जातिव्यवस्था ही मूळची गटबांधणी पुढे ताठर झाली आणि आता ती गेली पाहिजे. फुल्यांच्या मते थर मिसळलेले नाहीत. ते एकमेकांवर दडपलेले आहेत. जातिव्यवस्था ही विकृत झालेली समाजरचना नसून जिंकणाऱ्यांनी जिंकलेल्यांवर लादलेली गुलामी आहे. एकाला चर्मपत्रावरील अक्षरे दिसतात, दुसऱ्याला ते कातडे कोणाचे हे विचारावयाचे आहे.

ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील सुधारणांचा पट राममोहन राय, केशवचंद्र सेन, दयानंद, रामकृष्ण, विवेकानंद, सर सय्यद अहमद खान यांच्याभोवती विणलेला आहे. त्या मांडणीत जोतीराव फुले नाहीत. हा दोष नेहरूंच्या व्यक्तिगत दृष्टीचा म्हणण्यापेक्षा तत्कालीन राष्ट्रीय इतिहासकथनाचा म्हणावा लागेल. इंग्रजीतून उपलब्ध असलेला सुधारणेचा इतिहास कलकत्त्याहून लिहिला गेला होता आणि फुले मराठीत होते. कार्यकारिणीतील मराठी सहबंदी शंकरराव देव यांच्याशी या विषयावर काही बोलणे झाले असेल, तर त्याची खूण ग्रंथात उमटलेली नाही.

मालिकेत मात्र फुल्यांसाठी एक संपूर्ण भाग आहे, आणि फुल्यांची भूमिका सदाशिव अमरापूरकर यांनी केलेली आहे. अमरापूरकर नगरचे, तेथील हौशी रंगभूमीवर घडलेले. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या ‘अर्ध सत्य’ (१९८३) मधील रामा शेट्टीमुळे देशभर ज्ञात झालेल्या या नटाला हिंदी चित्रपटाने खलनायकाच्या साच्यात बसविले होते. त्याला फुले म्हणून उभे करणे हा धाडसी निर्णय होता आणि तो योग्य ठरला. चरित्रनायकाची सौम्य प्रभा येथे नाही. खरखरीत आवाज, अंगात मुरलेला उपरोध आणि वाद घालण्याची खुमखुमी आहे. ज्या शहराच्या किल्ल्यात फुल्यांना वगळणारा ग्रंथ लिहिला गेला, त्याच शहरातील एक नट त्या ग्रंथाच्या रूपांतरात फुले होऊन येतो, हा योगायोग आहे. त्याला योगायोगाहून अधिक मानण्याचे कारण नाही. परंतु भाग समाविष्ट करण्याचा निर्णय योगायोग नव्हता.

रूपांतराच्या सिद्धान्ताला खरा धक्का येथे बसतो. निष्ठेच्या मापाने हा भाग मूळाबाहेरचा, म्हणून प्रक्षिप्त. माध्यमांतराच्या मापाने तो ‘भर’. पण दोन्ही मापांतून तो निसटतो, कारण तो ग्रंथात काहीतरी जोडत नाही. तो ग्रंथाच्या मुख्य प्रमेयाशी वाद घालतो. आदल्या भागांतून समन्वयाची जी कथा उभी राहत आलेली असते, तिच्या ओघात हा भाग एखाद्या खडकासारखा येतो. आणि तरीही मालिकेचे शीर्षक, शीर्षकगीत आणि चौकट तीच असते. नेहरूंच्याच शोधाच्या नावाखाली नेहरूंनी न घेतलेला शोध प्रेक्षकापुढे ठेवला जातो. येथे एक शंका रास्तपणे घेता येईल : अशा समावेशामुळे फुल्यांचे विद्रोही विचार राष्ट्रीय कथेच्या पोटात पचवले तर गेले नाहीत? पुढच्याच टप्प्यावर विवेकानंद येतात, जहाल-मवाळ येतात, आणि गाडी पुन्हा रुळावर येते. ५३ भागांत एक भाग म्हणजे एका थराची नोंद; थरांच्या सिद्धान्ताला त्याने बाधा येत नाही, उलट पुष्टीच मिळते, असाही युक्तिवाद करता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु पचन संपूर्ण झालेले नाही, याची साक्ष त्या भागाचा स्वरच देतो. इतर सुधारकांविषयीच्या भागांत आदराचा जो एक समान सूर लागतो, तो येथे लागत नाही.

शिवाजी महाराजांच्या दोन भागांबद्दल थोडक्यात. नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी हिंदीत बोलतात. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ने (१९५२) ज्यांच्या मनातील प्रतिमा घडविली होती, त्यांना हे शिवाजी किरकोळ अंगाचे, विचारी आणि काहीसे थंड वाटले असल्यास नवल नाही. पण ग्रंथातील अर्ध्या विभागाचे दोन भाग करताना मालिकेने प्रतीकाचा माणूस केला, हे मान्य करावे लागते. आवेशाची जागा हिशेबाने घेतली. राज्य उभारण्याचे काम कसे चालते, याकडे लक्ष गेले. हे भाग फुल्यांच्या भागाइतके अस्वस्थ करीत नाहीत, एवढेच.

‘भारत एक खोज’नंतर बेनेगल यांनी धर्मवीर भारती यांची ‘सूरज का सातवाँ घोड़ा’ ही कादंबरी हाती घेतली (१९९२). पटकथा पुन्हा शमा जैदी यांचीच आणि संगीत वनराज भाटिया यांचेच. तेथेही एक सांगणारा आहे, माणिक मुल्ला. तो मित्रांना दुपारी कथा सांगतो आणि प्रत्येक कथेत मागच्या कथेचे एखादे पात्र नव्या कोनातून दिसते. अखेरीस सांगणाराच कितपत विश्वसनीय, याचा श्रोत्यांना संशय येऊ लागतो. तोच प्रसंग दुसऱ्यांदा चित्रित होतो तेव्हा कॅमेरा वेगळ्या जागी असतो, आणि पहिल्या वेळी जे प्रेम वाटले ते दुसऱ्या वेळी भित्रेपणा वाटते. नेहरूंच्या निवेदकाला पडद्यावर जे देता आले नव्हते, ते माणिक मुल्लाला देता आले : स्वतःच्याच सांगण्यावर शंका घेण्याची मोकळीक. त्यासाठी दिग्दर्शकाला कैद्याचा ग्रंथ सोडून कादंबरीकडे यावे लागले.